लिक्विड डाएट सोमवारी सुरू करू नका, आधी वजन कागदावर घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की उंची १५७ सेंटीमीटर, वजन ८८ किलो, शुगरच्या दोन गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी वजन उतरवायला पोटाचं बायपास ऑपरेशन सुचवलंय आणि येत्या सोमवारपासून तुम्ही आपल्या मनानेच लिक्विड डाएट धरणार आहात. "इन्शुरन्सचे कागद गणेश चवथ झाली की बघू." हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. २०२१ मध्ये मी हेच केलं होतं, याच क्रमाने.

स्लीव्ह (पोटाचा भाग कापून काढायचं ऑपरेशन) बरं की बायपास, किती दुखतं, किती दिवसांत कामावर जाता येतं, हे तुम्हाला डॉक्टर सांगतीलच. मी डॉक्टर नाही. मला इन्शुरन्सची एकच गोष्ट नीट माहीत आहे, कारण तिच्यापायी माझे साडेतीन लाख गेले.

माझी उंची १६०, वजन साडेएक्क्याण्णव. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३५.७. शुगर बारा वर्षांची, एचबीए१सी (सरासरी शुगरची रक्ततपासणी) ९.१. आपल्याकडचे सर्जन भारतीयांसाठी डायबेटिस असेल तर ३२.५ बीएमआयलाच ऑपरेशन योग्य धरतात, कारण आपल्या लोकांना कमी वजनातच हे आजार गाठतात. त्यामुळे डॉक्टरांच्या हिशेबाने मी कधीच पात्र होते. पण पॉलिसीची मोजपट्टी वेगळी. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेलं कलम बहुतेक पॉलिसींत शब्दशः छापलेलं असतं: बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार, म्हणजे हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ डायबेटिस. शिवाय वजन उतरवायचे साधे उपाय आधी करून फसले, हेही दाखवावं लागतं. मी हे कलम वाचलं ते नकार आल्यावर.

आता तुमचा हिशेब बघा. १५७ सेंटीमीटरला ३५ चा बीएमआय म्हणजे ८६ किलो आणि वर पाव. तुमच्यात आणि त्या रेषेत पावणेदोन किलोसुद्धा नाहीत. लिक्विड डाएटवर एवढं वजन पहिल्या आठवड्यातच जातं, बरंचसं पाणीच असतं ते.

माझं तेच झालं. लिव्हर लहान होतं, ऑपरेशन सोपं जातं, हे कुठेतरी वाचलं आणि कुणाला न विचारता ताक, सूप आणि प्रोटीन पावडर यांच्यावर अकरा दिवस काढले. मग हॉस्पिटलात इन्शुरन्सचा फॉर्म भरायला गेले. नर्सने चपला काढायला लावल्या, पर्स बाजूला ठेवायला सांगितली. काटा हलत हलत ८७.२ वर थांबला आणि तिने तो आकडा निळ्या पेनाने फॉर्मवर लिहिला. मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन पहिला फोन आईला केला. बीएमआय ३४ झाला होता.

आधीचे साडेएक्क्याण्णव कुठेच नव्हते. पहिल्या भेटीच्या चिठ्ठीवर नुसतं "लठ्ठपणा, डायबेटिस, बायपासचा सल्ला" एवढंच. घरच्या काट्याचा फोटो होता, तो चालत नाही. म्हापशाला एका डाएटिशियनकडे आठ महिने जात होते, तिथे दर भेटीला वजन लिहायचे. ती वही घर रंगवताना रद्दीत गेली.

त्यानंतर त्या ऑफिसच्या फेऱ्या. नाव घेत नाही. तिसरा मजला, लिफ्ट बंद, माझे गुडघे त्या वेळी कसे होते ते तुम्हाला सांगायला नको. तीनदा गेले, तीन वेगळी माणसं भेटली, प्रत्येकाने वेगळा कागद मागितला. एकाने तर सरळ विचारलं, "मॅडम, अकरा दिवसांत चार किलो उतरले, तर आणखी दोन महिने असंच करा ना, पोट कशाला कापताय?" बाजूला चार माणसं बसली होती. वीस वर्षं मी हेच करत आले होते, उतरवायचं आणि दुप्पट चढवून घ्यायचं. ते त्याला सांगायला तोंडातून शब्द फुटला नाही. आजही आठवलं की घसा दाटतो.

आणि माझी दुसरी चूक तिथेच झाली. मी सगळं तोंडी केलं. "होईल", "बघतो", "वरून कळवतील", यावर महिने गेले. शेवटी नकाराचं पत्र आलं तेव्हा मी इतकी खचले होते की ते कपाटात ठेवून दिलं. विमा लोकपाल नावाची सोय आहे, फी नाही, वकील लागत नाही, गोव्याच्या तक्रारी मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, हे मला खूप उशिरा कळलं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालांकडे. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. माझं वर्ष उलटून गेलं होतं. ऑपरेशन पतसंस्थेचं कर्ज आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून झालं.

म्हणून माझं मत, आणि ते ठाम आहे: सोमवारी डाएट नाही, ओपीडी. उंची-वजन हॉस्पिटलच्या काट्यावर, चिठ्ठीवर आकडा, तारीख, सही, शिक्का. एचबीए१सी त्याच दिवशी. ती तीन महिन्यांची सरासरी असते म्हणून घाईने उतरत नाही, पण तारीख जुळलेली बरी. घोरत असाल तर स्लीप स्टडीही आत्ताच करून घ्या, वजन उतरल्यावर नाही. मी नंतर केली, तिच्यात "मध्यम" आलं, आणि कलमात "तीव्र" लागतं. जुन्या डाएटिशियनच्या, जिमच्या पावत्या शोधा. वजन वाढवून दाखवायला मी सांगत नाही, तसलं काही करू नका. आहे ते खरं वजन वेळेत लिहून घ्या, एवढंच. प्रत्येक पॉलिसीत फरक असतो, वेटिंग पिरियड वेगळा असतो, तेव्हा तुमची स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

डाएट आपल्या मनाने न धरण्याचं दुसरं कारण पैशाहून मोठं आहे. तुमच्या दोन गोळ्यांत एक ग्लिमेपिराइड असेल तर खाणं एकदम कमी केल्यावर शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मला सहाव्या दिवशी पहाटे घामाने अंथरूण भिजून जाग आली, हात थरथरत होते, साखरेचा डबा उघडता येईना. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी.

ऑपरेशननंतरचं बरंच काही लिहिता येईल, पण आपल्या घरांत होणारी एक गोष्ट सांगते. पातळ खायला सांगितलं की आई-सासू सकाळ-संध्याकाळ पेज देतात. प्रेमाने देतात, पण पेजेत स्टार्चच जास्त, प्रोटीन जवळजवळ नाही. आपल्याला दिवसाला साठेक ग्रॅम प्रोटीन लागतं आणि पोटात जागा वाटीभरही नसते. मऊ खायची परवानगी मिळाली की आधी दही, अंडं, मऊ शिजवलेलं नुस्तं (मासे) काटे काढून, मग जागा उरली तर पेज. पाणी जेवणासोबत नाही, अर्धा तास सोडून.

पहिल्या चवथीला मी अर्धी पातोळी खाल्ली. हळदीच्या पानाचा वास आला आणि राहवलं नाही. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, पोटात कळ, पाहुणे ओटीवर आणि मी आतल्या खोलीत आडवी. बायपासनंतर गोड भराभर आतड्यात उतरतं म्हणून असं होतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे आग्रह होणार नाही.

अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या बायपासनंतर घेऊ नका, पोट आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होतो. फार्मसीवाल्याला दर वेळी सांगा. फेणी-उर्राकाचंही तसंच, थोडीशीसुद्धा भराभर चढते. बी१२, लोह, कॅल्शियम कायमचं. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही, मध्ये दोन तास. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर "अॅसिडिटी असेल" म्हणत घरी बसू नका. बी१ कमी पडून मेंदूवर परिणाम होतो आणि तो कधीकधी भरून येत नाही. थेट हॉस्पिटल गाठा.

आज माझं वजन ६४ आहे, शुगरची एकच छोटी गोळी. ऑपरेशन केल्याचा मला एक दिवस पश्चात्ताप झालेला नाही.

पॉलिसीतलं ते कलम सापडलं की नंबर झाकून फोटो टाका, मी वाचून सांगते. आणि सोमवारी काट्यावरून उतरलात की आकडा चिठ्ठीवर चढलाय का ते बघूनच खोलीबाहेर पडा.