फॉग लाइटचा ५० पाउंडांचा दंड भरू की कोर्टात जाऊ?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही इंग्लंडमधे राहता, नोव्हेंबरातली संध्याकाळ, सूर्य मावळून गेलेला, रस्त्यावरचे दिवे लागलेले, धुकं वगैरे काही नाही, नुसती भुरभुर. ताशी ३० माइल्सची मर्यादा असलेल्या रस्त्यावर उजवीकडे वळायचं म्हणून इंडिकेटर देऊन थांबलात आणि मागून एक गाडी येऊन आदळली. पोलीस आले आणि त्यांनी उलट तुम्हालाच फिक्स्ड पेनल्टी, म्हणजे कोर्टाशिवाय लावलेला ठरावीक दंड, दिली, कारण काय तर धुकं नसताना पुढचे फॉग लाइट चालू. वर आता समोरच्याच्या, म्हणजे मागून आदळणाऱ्याच्या, इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलंय की तुमच्या मागच्या बाजूला दिवेच नव्हते, त्यामुळे निम्मा दोष तुमचा. तुमचं म्हणणं, फॉगचं बटण मी दाबलंच नव्हतं, बंपरमधे जे लागले होते ते डीआरएल, दिवसा आपोआप लागतात ते, पोलिसाला फरक कळला नाही. मग ५० पाउंड भरून मोकळं व्हावं का लढावं?

दोन दिवस थांबा. भरू नका, लढू नका आणि मुख्य म्हणजे समोरच्या कंपनीला एक ओळही लिहू नका. कारण तुम्ही जी दोन वेगवेगळी प्रकरणं समजताय ती एकमेकांत अडकलेली आहेत, आणि दंडाच्या बाबतीत जी बाजू तुम्हाला सोयीची वाटतेय तीच अपघाताच्या क्लेममधे तुमच्या अंगाशी येऊ शकते.

ते कसं, बघा. गाडीतले दिवे कसे जोडायचे याचे संयुक्त राष्ट्रांचे नियम आहेत, रेग्युलेशन ४८, ब्रिटनमधे विकल्या जाणाऱ्या आजच्या गाड्या त्याप्रमाणेच बनतात. त्यात एक साधी अट आहे की साइडलाइट (पुढचे छोटे दिवे), मागचे लाल दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा लागल्याशिवाय पुढचे फॉग लाइट लागताच कामा नयेत. म्हणजे कंपनीतून आल्यासारखं वायरिंग असेल आणि पुढे खरंच फॉग लाइट चालू असतील, तर मागचे लाल दिवेही चालू होतेच. उलट डीआरएलचं. ते इंजिन चालू झालं की पुढे लागतात, आणि बऱ्याच गाड्यांमधे त्यांच्याबरोबर मागे काहीच लागत नाही. पुढे लखलखाट, डॅशबोर्डही उजळलेला, आणि मागून गाडी पूर्ण काळी. रोज संध्याकाळी अशा गाड्या दिसतात, आत बसलेल्या माणसाला पत्ताच नसतो.

आता तुमच्या प्रकरणाला लावून बघा. फॉग लाइट चालू होते म्हटलं तर दंड बरोबर, पण समोरच्या कंपनीचं 'मागे अंधार होता' हे म्हणणं कोसळतं आणि तेही पोलिसाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कागदावर. फक्त डीआरएल होते म्हटलं तर दंड उडेल कदाचित, पण मग सूर्यास्तानंतर मागचे दिवे बंद ठेवून गाडी चालवली हे तुम्हीच कबूल केलंत. दोन दगडांवर पाय इथे चालणार नाही, कारण क्लेम कोर्टात गेला तर तुमच्या कागदांवर 'हे खरं आहे' अशी सही असते आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तो कोर्टाचा अवमान धरता येतो. मान दुखते म्हणून भरपाई मागायचा विचार असेल तर अजून जपून, २०१५ च्या कायद्याने मूळ बाबतीत अप्रामाणिकपणा दिसला तर कोर्ट अख्खा क्लेम फेटाळू शकतं, खरा भागसुद्धा.

तेव्हा सोयीचं काय ते नंतर, आधी खरं काय ते शोधा, आणि ते घरबसल्या सापडेल. अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढा, लाइटचा स्विच त्या दिवशी होता तसाच ठेवा (ऑटोवर होता का शून्यावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळी मेख तिथेच आहे), इंजिन चालू करा आणि मोबाइलवर एकाच व्हिडिओत पुढून, बाजूने, मागून शूटिंग करा. मग फॉगचं बटण दाबून परत तेच. पुढचा फॉग चालू झाला की डॅशबोर्डवर हिरवं चिन्ह येतं, तिरक्या रेषा आणि त्यांना छेदणारी एक नागमोडी रेघ. पिवळसर आलं तर तो मागचा फॉग. डीआरएलसाठी बहुतेक गाड्यांत असं काही चिन्ह नसतं. गाडीचं मॉडेलही बघा, ७ फेब्रुवारी २०११ पासून युरोपात मंजुरी मिळणाऱ्या नव्या मॉडेलांना डीआरएल सक्तीचे झाले, तुमचं मॉडेल त्याआधीचं असेल तर बंपरमधले ते दिवे डीआरएल नसून फॉगच असण्याची शक्यता जास्त. मॅन्युअलमधलं दिव्यांचं पान फोटो काढून ठेवा. आणि आधीच्या मालकाने बाहेरून फॉग लाइट बसवून घेतले असतील तर वर वायरिंगचं जे सांगितलं ते गृहीत धरू नका, तपासा.

अजून एक शक्यता आहे, तुम्ही उजवीकडे वळायला थांबला होता म्हणून सांगतो. काही गाड्यांमधे इंडिकेटर दिला किंवा स्टिअरिंग वळवलं की त्या बाजूचा एकच फॉग लाइट कॉर्नरिंग लाइट, म्हणजे वळणावर उजेड पाडणारा दिवा, म्हणून लागतो. पोलिसाने एक दिवा पाहिला का दोन? एकच असेल तर मजाच, कारण कॉर्नरिंग लाइट त्याच रेग्युलेशनप्रमाणे हेडलाइट चालू असल्याशिवाय लागायला नको, म्हणजे दंडही टिकणं कठीण आणि मागचे दिवेही चालू. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागा, तिथे दुकान वगैरे असेल तर त्यांचं सीसीटीव्ही आजच मागा, ते थोड्या दिवसांत पुसलं जातं. आदळणाऱ्याच्या गाडीत डॅशकॅम होता का हे तुमच्या इन्शुरन्सवाल्यांना विचारायला लावा, तुमची मागची बाजू त्यालाच सगळ्यात चांगली दिसत होती.

दंडाचा कायदा छोटा आहे. १९८९ च्या लायटिंग रेग्युलेशन्समधला नियम २७ म्हणतो की दृश्यमानता फारच कमी झालेली नसेल तर फॉग लाइट लावायचे नाहीत. फारच कमी म्हणजे हायवे कोडप्रमाणे (तिथली वाहतुकीची सरकारी नियमपुस्तिका) साधारण १०० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही अशी स्थिती. तुमची भुरभुर त्यात बसत नाही, तो युक्तिवाद विसरा. लायसन्सवर पॉइंट येत नाहीत. नोटिशीवर २८ दिवसांची मुदत असेल, त्यात पैसे भरायचे नाहीतर सुनावणी मागायची, काहीच केलं नाही तर दीडपट होऊन ७५ पाउंड वसुलीला लागतात. कोर्टात हरलात तर दंड १००० पाउंडपर्यंत जाऊ शकतो, इतका सहसा होत नाही पण वर खर्च येतोच.

तुमची खरी भीती ही की पैसे भरले म्हणजे अपघाताची चूक कबूल केली. नाही. फिक्स्ड पेनल्टी भरणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, शिक्षा झालेली असेल तर ती दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून येते, हे तसं नाही. आणि पुढचे फॉग लाइट चालू होते म्हणून मागचा येऊन आदळला हे कुठल्या तोंडाने म्हणणार?

व्हिडिओत फॉग लाइटच निघाले तर माझं मत सरळ आहे, ५० पाउंड भरा, पावती आणि नोटीस जपून ठेवा आणि दोन्ही तुमच्या इन्शुरन्स कंपनीला द्या. फक्त डीआरएल निघाले तर गोष्ट कडू आहे. रस्त्यावर दिवे असतील तर हेडलाइट सक्तीचे नसतात पण सूर्यास्त ते सूर्योदय साइडलाइट आणि मागचे दिवे लागलेच पाहिजेत, त्यामुळे थोडा दोष तुमच्याकडे येणार, १९४५ च्या कायद्याप्रमाणे तेवढी भरपाई कापली जाते. पण म्हणून निम्मा? तुम्ही थांबलेले होता, पाय ब्रेकवर असेल तर ब्रेकचे लाल दिवे पेटलेले होते, ते लाइटच्या स्विचवर अवलंबून नसतात, इंडिकेटर लुकलुकत होता, रस्ता उजळलेला होता. एवढं असून ज्याला पुढची गाडी दिसली नाही तो अंतर ठेवून चालवत नव्हता. त्यांचा निम्म्याचा प्रस्ताव या अवस्थेतही मी घेणार नाही.

पाय ब्रेकवर होता का हँडब्रेक ओढलेला होता, तेवढं आठवून व्हिडिओबरोबर कळवा.