कॅरिबियनमधल्या छोट्या बेटावर बोटॅनिकल गार्डनमध्ये व्हॉलंटियरिंग करायला बॉटनीची डिग्री लागते का? राहणं-खाणं फुकट मिळतं का?

डिग्री लागत नाही. खुरपं धरता आलं आणि उन्हात दोन तास ओणवं बसता आलं की झालं. राहण्या-खाण्याचं खाली लिहिते, आधी हे डिग्रीचं, कारण ह्या एका शब्दावरून आमच्या घरात चार-पाच वर्षं धुसफूस चालू आहे.

मी कॅरिबियनमधल्याच सेंट व्हिन्सेंट बेटावर होते, 2019 ते 2022. नवरा तिथे एका मेडिकल कॉलेजात शिकवायला आणि मला डिपेंडंट म्हणून नोकरी करता येत नव्हती. मुलगी शाळेत गेली की घरात मी आणि पंखा. किंग्सटाउनच्या, म्हणजे तिथल्या राजधानीच्या, वरच्या अंगाला तिथलं बोटॅनिकल गार्डन आहे, 1765 सालचं, पश्चिम गोलार्धातलं सगळ्यात जुनं म्हणतात, वीसेक एकर. आधी नुसती फिरायला जायची, मग एक दिवस सरळ विचारलं की काहीतरी काम द्या, बसून कंटाळा आला.

आता मी कुडाळकडची, बाबांची कलमांची नर्सरी, कोय कलम, भेट कलम बघत मोठी झालेली. डोक्यात हवा अशी की ह्यांना मीच दोन गोष्टी शिकवीन. पहिल्या दिवशी साठीच्या एक माळीणबाई होत्या, त्यांना जाऊन विचारलं, बादली कुठे आहे? त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग सावकाश म्हणाल्या, "गुड मॉर्निंग", आणि थांबल्या. मी गुड मॉर्निंग म्हटल्यावरच बादली दिसली. तिथे दुकानात, बसमध्ये, कुठेही आधी गुड मॉर्निंग, मग काम. हे विसरलात तर पीएचडी असली तरी उपयोग नाही.

पहिले तीन आठवडे नुसतं गवत काढलं. जाम राग यायचा. एक बरं, सापाची भीती नाही, विषारी साप त्या बेटावर नाहीतच. आमच्याकडे फुरशाच्या धाकाने गवतात हात घालताना दहा वेळा काठी आपटायची सवय, ती जायला महिना लागला. बाई हसायच्या.

मग एकदाचं ब्रेडफ्रूटचं काम मिळालं. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. तिथे त्याचा मान मोठा, भाजलेला ब्रेडफ्रूट आणि तळलेला जॅकफिश ही त्यांची नॅशनल डिश. 1793 मध्ये ब्लाय नावाच्या इंग्रज कप्तानाने पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाहून रोपं जहाजात भरून इथे आणली, कारण मळेवाल्यांना गुलामांना पोसायला स्वस्त खाणं हवं होतं. (ही त्याची दुसरी खेप. पहिल्या खेपेला 1789 मध्ये त्याच्याच माणसांनी बंड करून त्याला होडीत बसवून सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली.) त्या मूळ झाडांच्या वंशातलं, मुळाच्या फुटव्यापासून वाढवलेलं एक झाड गार्डनमध्ये अजून आहे. फुटव्यापासूनच, कारण ह्या नीरफणसाला बी धरत नाही, नवीन झाड हवं तर मुळाशीच जावं लागतं.

तर बाईंनी अंगठ्याएवढ्या जाड मुळाचे वीत-वीतभर तुकडे काढले आणि मला म्हणाल्या, वाळूत आडवे झोपव. मी म्हटलं आमच्याकडे उभे लावतात. खरं सांगायचं तर बाबांनी नीरफणसाची रोपं कधी केलीच नव्हती, आंबा-काजू एवढंच, पण तोंडातून गेलं ते गेलं. त्या म्हणाल्या, बरं, तू तुझे लाव, मी माझे लावते. मी बारा उभे खोचले, त्यांनी बारा आडवे झोपवून वर थोडी वाळू पसरली. माझ्यातलं एक फुटलं, बाकी कुजले. त्यांचे नऊ आले. नंतर समजावलं, मुळाचा तुकडा तोडला की वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं कळत नाही, तुझे निम्मे उलटे गेले असणार, आडव्याला तो प्रश्नच नाही. डिग्री त्यांच्याकडेही नव्हती हे लक्षात घ्या. मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नीरफणसाची कापं करून नेली, तिखट-मीठ लावून रव्यात घोळून. खाल्ली, पण म्हणाल्या, भाजलेल्याची सर नाही.

पुढे 9 एप्रिल 2021 ला ला सूफ्रिएर ज्वालामुखी उडाला. तो उत्तरेला, किंग्सटाउन दक्षिणेला, तरी राख आलीच. नळ बंद, म्हणजे झाडं धुवायचा प्रश्नच नाही, आणि तसंही राख ओली झाली की सिमेंटसारखी जड होऊन फांद्या वाकवते. कोरडी आहे तोवर झटकायची. रोपांची पानं एकेक करून हाताने पुसायची आणि खाली हिरांचा खराटा, तिथेही नारळाच्या हिरांचाच असतो. मास्क कोविडमुळे घरात होतेच. डोळे मात्र दोन आठवडे चुरचुरत होते.

त्या दिवसातला एक फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला. माझे मोठे दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एमएस्सी बॉटनी, रिटायर्ड प्रोफेसर. त्यांनी लिहिलं, "एमए इकॉनॉमिक्स करून सातासमुद्रापार फुकट झाडलोट, अभिनंदन." वर ज्ञान दिलं की नीरफणस मूळचा आपल्या कोकणातला, इंग्रजांनी इथून तिकडे नेला, तिथे काय बघायचंय. सासूबाईंनी अंगठा दिला. दादा, वाचत असाल तर परत एकदा सांगते, फणस आपल्या सह्याद्रीतला, नीरफणस पॅसिफिकमधला, आणि तुमच्या आईच त्याला विलायती फणस म्हणतात, नावातच लिहिलंय.

असो. तुमचं राहणं-खाणं. फुकट राहायला मिळेल असं धरून निघू नका, मी नवऱ्याच्या घरात राहत होते म्हणून जमलं. हजारो डॉलर भरून "व्हॉलंटियर" व्हायची पॅकेजेस दिसतील, त्यांच्या नादी लागू नका, ती सहल आहे. अमेरिकन डॉलरला 2.70 ईस्टर्न कॅरिबियन डॉलर मिळतात म्हणून स्वस्त वाटेल, पण डाळ-तेल बाहेरून येतं, महाग पडतं. बाजारातली कंदमुळं, केळी, मासे खा. रोटी सगळीकडे मिळते. 1 जून 1861 ला मद्रासहून मजुरांचं पहिलं जहाज तिथे लागलं, त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत, पण ती रोटी म्हणजे बटाटा-चिकन भरलेली घडी, पोळी समजून मागवू नका.

ह्या मे महिन्यात दादांचा फोन आला होता. परसातल्या नीरफणसाची दोन रोपं मुलीला द्यायचीत, मुळं कशी लावायची? मी सांगितलं, आडवी.

हां, राहिलंच. बिनपगारी कामालाही परवानगी लागू शकते, निघण्याआधी इमिग्रेशनला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर नुसत्या ट्रान्झिटलाही व्हिसा लागतो. आणि जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन, तेव्हा जाऊ नका.