एलियाहू आणि आमच्या सोसायटीचं गेट

तुमचा प्रश्न असा आहे: "मी ज्यू नाही, फारसा धार्मिकही नाही. तालमूदसारखे ज्यूंचे जुने ग्रंथ वाचून आजच्या जगण्यात काही उपयोग होतो का? वाचायचे तर सुरुवात कुठून करावी?"

मीही ज्यू नाही. ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते आणि गेली सहा वर्षं आमच्या सोसायटीची सचिव आहे. तालमूद माझ्याकडे आला तो या सचिवपदाच्या वैतागातून, त्यामुळे उत्तरही त्याच वाटेने देते. फार विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका.

लहानपणी आमच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहायचं. त्यातले काका पुढे इस्रायलला गेले, आता लोदला असतात. पंचाहत्तरी उलटली, मराठी अजून रायगडची. दर रविवारी रात्री आमचा व्हिडिओ कॉल होतो. बेने इस्राएल म्हणजे आपले कोकणातले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. शेकडो वर्षं त्यांच्याकडे शेमाची, म्हणजे देव एकच असं सांगणारी प्रार्थना होती, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती होती, सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते. तालमूद मात्र नव्हता. काका म्हणतात, "माझ्या पणज्याला कुणी विचारलं असतं, तालमूद कुठे मिळेल, तर त्याने भुसाऱ्याचं दुकान दाखवलं असतं." काका स्वतः तिकडे गेल्यावर, साठीनंतर शिकले.

तर तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्यांच्याजवळ गेटचं रडगाणं गात होते. आमच्या चौसष्ट बिऱ्हाडांच्या सोसायटीला मोठं लोखंडी गेट, केबिन, चोवीस तास वॉचमन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची मोबाइलवर नोंद असं सगळं बसवायचं होतं. पैसे कुणी किती द्यायचे यावर तीन सभा गाजल्या. वन बीएचकेवाले म्हणत, क्षेत्रफळावर घ्या. थ्री बीएचकेवाले म्हणत, वॉचमन काय आमच्यासाठी तिप्पट जागा राहतो? भाडेकरू म्हणत, आम्ही कशाला द्यायचे? काका ऐकून घेऊन म्हणाले, "अगं, हे सगळं बाबा बात्रात आहे. थांब, पान काढतो."

बाबा बात्रा हे कुणा बाबांचं नाव नव्हे. अरामी भाषेत बाबा म्हणजे दार. नुकसानभरपाई, मालमत्ता, शेजार या विषयांवरचे तीन सलग ग्रंथ आहेत: पहिलं दार, मधलं दार, शेवटचं दार, बाबा कामा, बाबा मेत्सिया, बाबा बात्रा. आपण 'खर्चाची बाब' म्हणतो तो शब्द अरबीतून आला, त्याचाही मूळ अर्थ दारच. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. तुम्हाला होईलच असं नाही.

ग्रंथाची ओळख थोडक्यात उरकते. रब्बी (ज्यू धर्मपंडित) यहूदा हनासी यांनी इ.स. 200 च्या सुमारास गॅलिलीत, म्हणजे आजच्या उत्तर इस्रायलमध्ये, संकलित केलेली नियमांची संहिता म्हणजे मिश्ना. तिच्यावर बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकात, पुढे काही शतकं जी चर्चा चालली ती गेमारा. दोन्ही मिळून तालमूद. छापील पानावर मजकूर मधोमध, एका बाजूला फ्रान्समधल्या राशी नावाच्या पंडितांची (1040–1105) टीका, दुसऱ्या बाजूला त्यांच्या नातवंडांनी आणि पुढच्यांनी काढलेल्या शंका. आपल्याकडे त्रिपाठी पोथ्या असतात, मध्ये मूळ आणि वर-खाली टीका, त्या पाहिल्या असतील तर पान अगदीच परकं वाटणार नाही.

आता गेट. मिश्ना सांगते की सामाईक अंगणाला देवडी आणि दार बांधायचं असेल तर न देणाऱ्या रहिवाशालाही खर्च द्यायला भाग पाडता येतं. लगेच दुसरं मत येतं: प्रत्येक अंगणाला देवडीची गरज नसते. मग विषय गावकुसाकडे जातो. तटबंदीची वर्गणी गावकरी म्हणून कुणाकडून घ्यायची? बारा महिने राहिला असेल त्याच्याकडून. घर विकत घेतलं असेल तर पहिल्या दिवसापासून. मी तर खुर्चीत ताठच बसले. आमच्या भाडेकरूंचा प्रश्न कुणीतरी अठराशे वर्षांपूर्वी घेऊन बसलं होतं!

वर्गणी कशी घ्यायची, हेही आहे. रब्बी एलाझार गुरूंना, रब्बी योहानान यांना विचारतात: डोईगणिक घ्यायची की ऐपतीप्रमाणे? गुरू म्हणतात, ऐपतीप्रमाणे. आणि एलाझार बाळा, यावर खिळे ठोकून ठेव. त्याच्याच खाली 'काही जण हा प्रसंग असा सांगतात' म्हणून दुसरी आवृत्ती. तिच्यात प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं: घर तटाच्या जितकं जवळ, त्या मानाने घ्या. आणि शेवटी पुन्हा तेच वाक्य, एलाझार बाळा, यावर खिळे ठोकून ठेव. दोन वेगळी उत्तरं, दोन्ही खिळे ठोकून पक्की, आणि दोन्ही एकाच पानावर जपून ठेवलेली. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत असं काही निघालं असतं तर ऑडिटरने शेरा मारला असता. (आम्ही शेवटी सेवाशुल्काच्या नियमाने सगळ्या सदनिकांना सारखी रक्कम लावली. उपविधी तालमूद वाचत नाहीत.)

पण मला खरं पकडलं ते त्या पानावरच्या दुसऱ्याच गोष्टीने. मिश्ना म्हणते, देवडी बांधायला भाग पाडता येतं. म्हणजे देवडी चांगली गोष्ट झाली. गेमारा लगेच अडवते: असं कसं? एक सत्पुरुष होता, त्याच्याशी एलियाहू (बायबलमधला, रथातून जिवंतपणी स्वर्गात गेलेला संदेष्टा) येऊन बोलत असे. त्याने देवडी बांधली, आणि त्यानंतर एलियाहू त्याच्याशी कधी बोलला नाही.

कारण असं सांगतात की देवडीमुळे दारावर आलेल्या गरिबाची हाक आत पोचेना.

हे वाचून दाखवताना काका थांबले. एलियाहू हनाबी म्हणजे बेने इस्राएलांच्या घरचाच माणूस. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात. लग्न असो, नवं घर असो, नवस फेडायचा असो, त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गोड, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, वर फळं. लहानपणी त्या ताटातले पोहे मी मुठीमुठीने खाल्लेत. काका म्हणाले, "आम्ही आयुष्यभर त्याला पोहे ठेवतो की बाबा ये. आणि तो गेटवरून परत जातो, हे मला सत्तरीत कळलं."

गेमारा इथे रडत बसत नाही, हे मला फार आवडतं. ती वकिलासारखी पुढे सरकते. विरोध नाही, म्हणते. एक देवडी आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. किंवा दोन्ही बाहेरच धर, पण एकीला दार आहे, एकीला नाही. किंवा दोघींना दार आहे, पण कुलूपकडी एकीलाच. किंवा दोघींना कडी आहे, पण एकीची आतून, एकीची बाहेरून. कडी कुठल्या बाजूला बसवायची, इथपर्यंत विचार उतरतो. 'गरिबांविषयी कणव बाळगा' असं सांगणारी पुस्तकं ढीगभर आहेत. कडीच्या बाजूचा विचार करणारं पुस्तक मी तोवर पाहिलं नव्हतं.

आता माझी चूक. आमच्या शेवटच्या सभेत गेटच्या विरुद्ध एकच मत पडलं. तळमजल्यावरचे एक आजोबा उठून म्हणाले, सकाळी वासुदेव येतो, तो येईनासा होईल. सभेत हशा पिकला. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मोरपिसाच्या टोपीचं चित्र टाकलं, खाली लिहिलं 'ओटीपी सांगा वासुदेव', आणि त्यावर हसण्याचं पहिलं चिन्ह सचिवबाईंचं होतं.

तालमूदमधली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. एक भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर वाद. रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर म्हणतात, माझं खरं असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड उपटून शंभर हात दूर जातं. पाट उलटा वाहतो. पाठशाळेच्या भिंती झुकतात. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझर म्हणतो तेच बरोबर. तेव्हा रब्बी येहोशुआ उभे राहून 'तोरा' या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातलं, तिच्याचविषयीचं वचन ऐकवतात: 'ती स्वर्गात नाही.' निर्णय बहुमताने, खाली, आपण करायचा. पुढे कुणीतरी एलियाहूला (हो, तोच) विचारतं, त्या वेळी देव काय करत होता? तो म्हणाला, देव हसला. म्हणाला, माझ्या लेकरांनी मला हरवलं.

बहुतेक लेखांत, भाषणांत गोष्ट इथे संपते. ग्रंथात संपत नाही. बहुमतवाले मग एलिएझरनी शुद्ध ठरवलेल्या वस्तू आणून जाळतात आणि त्यांना वाळीत टाकतात. हे सांगायला कोण जाणार? रब्बी अकिवा म्हणतात, मीच जातो, भलत्याच माणसाने जाऊन सांगू नये. काळे कपडे घालून जातात, चार हात लांब बसतात. म्हणतात, गुरुजी, मला वाटतं सोबती तुमच्यापासून दूर राहताहेत. एलिएझर कपडे फाडतात, जोडे काढतात, जमिनीवर बसतात, रडतात. आणि जगातल्या ऑलिव्हचा, गव्हाचा, जवाचा तिसरा हिस्सा करपून जातो. ही गोष्ट येते कुठे, तर बाबा मेत्सियामध्ये, शब्दाने माणसाला दुखवण्यावरच्या चर्चेत. त्याच प्रकरणात हाही नियम आहे की विकत घ्यायचं नसेल तर दुकानदाराला भाव विचारू नये. चपलेच्या दुकानात माप बघून घरी येऊन ऑनलाइन मागवताना तो मला दर वेळी आठवतो. मागवते तरीही.

बहुमत बरोबर होतं हे ग्रंथ शेवटपर्यंत नाकारत नाही, आणि एलिएझरच्या रडण्याची किंमतही कमी करत नाही. मी दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर गेले. काळे कपडे वगैरे काही नाही, बँकेतून येतानाच. आजोबांनी चहा दिला आणि अर्धा तास पंपाच्या वेळेबद्दल तक्रार केली. वासुदेवाचं नावही काढलं नाही.

गेट झालं. त्याला एक दिंडी दरवाजा आहे, तो सकाळी सात ते नऊ उघडा ठेवावा असा ठराव मी आणलाय. आठ महिने कार्यकारिणीत लटकतोय. काका म्हणतात, वहीत 'तेकू' लिही. तेकू म्हणजे वाद न सुटता तसाच राहिला; गेमारात हा शेरा जागोजागी येतो. आजच्या हिब्रूत फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला की हाच शब्द वापरतात.

तर उपयोग होतो का? उत्तरं हवी असतील तर फारसा नाही. 'ज्यूंच्या श्रीमंतीची रहस्ये' छापाचे संदेश फिरतात, तसलं या पानांत काही सापडणार नाही. उलट बायकांविषयी, गुलामांविषयी, परधर्मीयांविषयी डोक्यात तिडीक जाईल असंही सापडेल. काका ते झाकत नाहीत, मीही झाकून घेत नाही. त्या रात्री आमचं भांडण होतं. मला मिळालं ते एवढंच की कुणी वेगळं मत मांडलं की पूर्वी मी मनात उत्तर तयार करायची, आता आधी विचारते, कडी कुठल्या बाजूला आहे?

एकटे मात्र वाचू नका. हे वाचन जोडीने करायची रीत आहे, तिला हावरुता म्हणतात. रब्बी योहानान यांचा जोडीदार रेश लाकिश वारला तेव्हा त्यांना दुसरा हुशार सोबती दिला. तो प्रत्येक विधानाला म्हणे, तुमच्या बाजूने अमुक आधार आहे. योहानान वैतागले: रेश लाकिश माझ्या प्रत्येक वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय उलगडायचा, मी बरोबर बोलतोय हे मला ठाऊक नाही का? तेव्हा जोडीदार असा शोधा, ज्याला तुमचं पटत नाही.

सेफारिया या संकेतस्थळावर मूळ मजकूर आणि रब्बी स्टाइनसाल्ट्झ यांच्या विवरणासह इंग्रजी भाषांतर फुकट आहे. रोज एक पान वाचण्याचा उपक्रम 1923 पासून जगभर चालू आहे. 2,711 पानं, साडेसात वर्षं. सध्याची फेरी जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली. त्या शर्यतीत लगेच उतरू नका. आम्ही आठवड्याला अर्धं पान करतो, तेही होत नाही. बाबा मेत्सियाचं दुसरं प्रकरण घ्या, रस्त्यात सापडलेली वस्तू कुणाची यावर आहे. किंवा आमच्यासारखं बाबा बात्राचं पहिलं, भिंती आणि शेजाऱ्यांचं. आणि पहिलं पान शोधत बसू नका. मी पंधरा मिनिटं शोधलं होतं. जवळपास प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या पानापासून सुरू होतो; पहिला आकडा मुखपृष्ठाच्या वाट्याला गेलेला असतो.