कोटा फरशीवरचे पांढरे डाग आणि काळ्या पडलेल्या दरजा (फरशांमधले सांधे) साफ करायला अ‍ॅसिड वापरावं का?

नाही. पातळ करूनही नाही. "पातळ केलं की काही होत नाही" हे प्रत्येक साइटवर ऐकून कान किटलेत.

कोटा काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडीचे दगड. बोअरच्या पाण्याचा पांढरा थरही चुन्याचाच. जे डागाला खाईल ते फरशीलाही खाणार; पातळ केलं तर सावकाश खाणार, एवढंच. पॉलिशवर कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा, तिथली चमक गेलेली दिसेल.

पुण्यातल्या एका तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये ठेकेदाराने नव्या कोट्यावरचे सिमेंटचे शिंतोडे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने काढले. पॉलिश उडालेलं सगळ्यांना दिसलं, दरजांकडे कोणी बघितलं नाही. हे अ‍ॅसिड सिमेंटही खातं. दरजा भुसभुशीत झाल्या, पुसण्याचं घाण पाणी त्यात मुरायला लागलं. शिवाय अ‍ॅसिड आणि चुना मिळून कॅल्शियम क्लोराइड होतं, ते हवेतली ओल ओढतं; म्हणून पावसाळाभर दरजा ओल्या आणि काळ्या. ठेकेदार म्हणे, फरशीचा लॉटच खराब. मग ओट्याखाली सिलिंडरच्या जागी, जिथे अ‍ॅसिड पोचलंच नव्हतं, तिथली त्याच लॉटची फरशी चकचकीत आणि दरजा टणक कशा? त्यावर त्याचा उपाय काय, तर अजून एक हात अ‍ॅसिड!

आता तुमच्या दरजा. हॅक्सॉ ब्लेडने 5-6 मिमी खोल खरवडा. ग्राइंडर लावू नका, कडा उडतात. धूळ व्हॅक्यूमने ओढा, साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, वाळू द्या. पांढऱ्या सिमेंटमध्ये ऑक्साइड रंग वजनाने 5 टक्क्यांच्या आत. दरज 3 मिमीपेक्षा रुंद असेल तर बारीक मार्बल पावडरही घाला. माल श्रीखंडाइतका घट्ट हवा. पाणी जास्त झालं की भरण आकसतं, भेगा पडतात, रंग फिका येतो. तीन दिवस ओलं फडकं ठेवा.

पॉलिश त्यानंतरच, म्हणजे भरणही फरशीबरोबर सपाट घासलं जातं. मशीनचे घासायचे दगड 80, 120, 220, 400 याच क्रमाने, म्हणजे जाड्यापासून बारीककडे. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे तसेच राहतात, आणि चमक आल्यावर जास्तच दिसतात. शेवटी मशीनच्या फेल्टखाली, म्हणजे नमद्याच्या चकतीखाली, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. "तेही अ‍ॅसिडच की," असं मला हमखास ऐकवतात. हो, पण त्याचं चुन्याशी मिळून कॅल्शियम ऑक्झॅलेट होतं, जे पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि दगडावरच बसतं. हायड्रोक्लोरिकने तयार झालेलं पाण्याबरोबर वाहून जातं किंवा दरजेत मुरतं. दोन्हींना एका मापाने मोजणं चूक आहे. ऑक्झॅलिक विषारी असतं, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.

रोज पुसायला साधं पीएच-न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कही नाही असं) लिक्विड पुरे. बाथरूम क्लीनर, व्हिनेगर, लिंबू बंद.

तळमजला असेल तर सीलर (फरशीवर मारायचा संरक्षक थर) मारण्याआधी दोन फूट प्लास्टिक फरशीवर चारही कडांनी टेप लावून 24 तास ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले तर ओल जमिनीतून येतेय. आधी ती थांबवा, नाहीतर वरचा थर पांढरा पडून सुटतो.

हे सगळं पॉलिश कोट्याचं. पापुद्रे सुटणाऱ्या खडबडीत शहाबादीवर मशीन चालवू नका, तिथे फक्त दरजा भरून घ्या.