दम वाढवण्यासाठी सायकलपटूने आधी काढून ठेवलेलं स्वतःचंच रक्त परत चढवलं (म्हणजे रक्त-डोपिंग केलं), तर ते पकडतात कसं?

रक्त त्याचंच असेल तर परकं काही सापडणारच नाही, मग संशयाला आधार काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याचं रक्त चढवलं तर पेशींवरच्या रक्तगटाच्या खुणा वेगळ्या दिसतात. २००७ च्या टूर द फ्रान्समध्ये कझाकस्तानचा सायकलपटू विनोकुरोव्ह तसाच सापडला. स्वतःच्या रक्ताला ही युक्ती लागू पडत नाही. म्हणून त्या रक्तावर शरीर काय करतं, ते बघतात.

यूसीआयने (आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने) २००८ मध्ये सुरू केलेला बायोलॉजिकल पासपोर्ट, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या रक्तातल्या आकड्यांची सलग नोंद, त्यासाठीच आहे. त्यातले मुख्य आकडे दोन: हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. दोन्ही मिळून ‘ऑफ स्कोअर’ काढतात: हिमोग्लोबिन (ग्रॅम प्रति लिटर) उणे रेटिक्युलोसाइटच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची ६० पट.

समजा, एरवी हिमोग्लोबिन १५० आणि रेटिक्युलोसाइट १ टक्का, स्कोअर ९०. रक्त काढून घेतलं की मज्जा भरपाईला लागते: १३८ आणि १.६९ टक्के, स्कोअर ६०. तेच रक्त परत चढवलं की पेशी जास्त झाल्या म्हणून मज्जा काम आवरतं घेते: १६२ आणि ०.३६ टक्के, स्कोअर १२६. एकेक आकडा सुटा पाहिला तर निसटू शकतो, पण त्याच माणसाच्या जुन्या नोंदींशेजारी ठेवला की हा झोका लपत नाही.

तीन आठवड्यांच्या शर्यतीत आणखी एक खूण मिळते. रोजच्या श्रमाने प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वाढतो आणि वरणात पाणी वाढवल्यासारखं हिमोग्लोबिन पातळ होत जातं. तिसऱ्या आठवड्यात ते जागचं हललं नाही किंवा चढलं, तर तज्ज्ञांना तिथेच संशय येतो.

घोळ होतो तो नमुना घेताना. व्यायामानंतर ठरलेला वेळ थांबायचं, मग पाय जमिनीला टेकवून किमान १० मिनिटं बसायचं. नाहीतर प्लाझ्माच्या चढउताराने हिमोग्लोबिन फसवं येतं. नळी थंड ठेवायची, पण गोठू द्यायची नाही, आणि वाटेतल्या तापमानाची नोंद ठेवायची. उंचावरच्या सरावाची माहितीही विचारतात, कारण तिथेही हेच आकडे हलतात.

शेवटी डोपिंगचा ठपका ठेवायला तीन तज्ज्ञांचं एकमत लागतं, आणि ते योग्यच आहे. चढावरची विक्रमी वेळ मात्र मी पुरावा मानत नाही. वारा, पुढच्याच्या आडोशाने वाचलेली ताकद, टायर, वाटेत पोटात गेलेले कार्बोहायड्रेट्स, या सगळ्याने वेळ बदलते.

पासपोर्टमधूनही लोक सुटतात, हेही खरं. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या सीफेल्ड आणि जर्मनीतल्या एरफुर्टमध्ये पोलिसांनी धाडी टाकल्या, त्यानंतरच डेनिफ्ल आणि प्राइडलर या सायकलपटूंचं रक्त-डोपिंग बाहेर आलं.