'वॉक' म्हणजे मुळात लोळणे

प्रश्न: 'वॉक'चा जुना अर्थ 'लोळणे' असा होता, असे वाचले. लोळण्याचे चालणे कसे झाले?

वाचलेत ते बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कान' म्हणजे लोळणे, उलथेपालथे होणे. 'द सीफेअरर' या जुन्या कवितेत लाटांच्या भयंकर उसळण्याला याच धातूचा शब्द आहे. पुढे तो इकडेतिकडे हिंडण्यासाठी वापरात आला आणि साधारण १३व्या शतकापासून पायी चालण्यासाठी रुळत गेला.

मराठी माणसाला याचे नवल वाटायला नको. चाक फिरते, जाते फिरते, आणि संध्याकाळी आजोबाही फिरायला जातात. गरगरणाऱ्या वस्तूला आणि हिंडणाऱ्या माणसाला आपण एकच क्रियापद लावतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच वाट धरली, याचा मला आजही आनंद होतो.

प्रश्न: मग त्याआधी इंग्रज लोक 'चालणे' कसे म्हणत?

'गो'. 'गो' म्हणजे जाणे, तसेच पायी जाणेही. 'किंग लिअर'मधला विदूषक सांगतो की चालशील त्यापेक्षा घोड्यावर जास्त बस. तिथे चालण्यासाठी 'गो'च आहे.

प्रश्न: मुलाच्या ऑफिसात एकाचे आडनाव वॉकर आहे. त्याचे पूर्वज फार चालणारे होते का?

चालत होते खरे, पण एकाच जागी! विणलेले लोकरी कापड सैल आणि तेलकट असते. ते घट्ट व्हावे म्हणून कुंडात भिजवून पायांनी तासन् तास तुडवत. आपल्याकडे गोधडी तुडवून धुतात, ते डोळ्यांसमोर आणा. फक्त त्या कुंडात बऱ्याचदा शिळे मूत्र असे, कारण त्यातल्या अमोनियाने लोकरीचा तेलकटपणा सुटतो. हे काम करणारा तो वॉकर. जर्मनमध्ये 'वाल्केन' म्हणजे आजही कापड असे घट्ट करणे. इंग्लंडमध्ये १२व्या शतकापासून पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले, पण आडनाव टिकले.

याच धंद्याची आणखी दोन आडनावे आहेत. उत्तरेकडे वॉकर, दक्षिण-पूर्वेकडे फुलर, नैर्ऋत्येला टकर. यातला फुलर तुमच्या घरातही असेल. कापडातले तेल शोषायला हे लोक जी माती वापरत, ती 'फुलर्स अर्थ', म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती.

प्रश्न: 'वॉक'चे संस्कृतशी काही नाते आहे का?

काही अभ्यासक 'वल्ग्' या धातूशी नाते लावतात. त्याचा अर्थ उड्या मारणे, दौडणे. आपली 'वल्गना' त्याच धातूची. तसे असेल तर वल्गना आणि वॉक दूरच्या बहिणी ठरतील. मात्र हे नाते सर्वांना मान्य नाही, म्हणून मी ते शक्यता म्हणूनच सांगतो.