जावामध्ये चुकीची तारीख आल्यावर एक्सेप्शन कसे हाताळावे?

आपला प्रश्न असा आहे की, फॉर्ममध्ये कोणी ३१/०२/२०२३ अशी कॅलेंडरमध्ये नसलेली तारीख भरली तर ती अडवण्यासाठी आपण ट्राय-कॅच (चूक झाली तर ती पकडण्याची रचना) लिहिले आहे, तरीही प्रोग्राम कॅचमध्ये शिरत नाही आणि डेटाबेसमध्ये २८ फेब्रुवारी ही तारीख जाऊन बसते. आपला कॅच बरोबर आहे. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे: ही तारीख वाचताना जावा एक्सेप्शन, म्हणजे काही चुकल्याची सूचना, टाकतच नाही, त्यामुळे पकडायला काही उरत नाही.

जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, तारखांसाठी जे नवे पॅकेज आले, त्यात फॉरमॅटरला (मजकुरातून तारीख वाचणाऱ्या भागाला) तारीख तपासण्याच्या तीन पद्धती आहेत: स्ट्रिक्ट, स्मार्ट आणि लेनिएंट. ‘ऑफपॅटर्न’ला तारखेचा नमुना, म्हणजे पॅटर्न, देऊन तयार केलेला फॉरमॅटर, आपण वेगळे काही सांगितले नाही तर, स्मार्ट पद्धतीने चालतो. या पद्धतीत दिवस १ ते ३१ च्या आत असला की तो मान्य होतो आणि त्या महिन्यात तो दिवस नसेल तर महिन्याची शेवटची तारीख धरली जाते. बहुतेक जण ३२ तारीख किंवा १३ वा महिना टाकून चाचणी घेतात, त्यावर एक्सेप्शन येते आणि कोड बरोबर आहे अशी खात्री होते; खरी परीक्षा ३१ एप्रिल आणि ३० फेब्रुवारी या तारखांवर होते. जुन्या सिंपलडेटफॉरमॅटमध्ये तर ३१/०२/२०२३ ची सरळ ३ मार्च होत असे. तो वर्ग अजून वापरात असेल तर ‘सेटलेनिएंट’ला फॉल्स द्यावे, पण नव्या कोडमध्ये तो वापरू नये असेच मी सुचवेन.

उपाय दोन भागांचा आहे आणि दुसरा भाग हमखास राहून जातो. फॉरमॅटरवर ‘विथरिझॉल्व्हरस्टाइल’ वापरून स्ट्रिक्ट पद्धत लावावी, आणि पॅटर्नमध्ये वर्षासाठी चार वेळा ‘वाय’ न लिहिता चार वेळा ‘यू’ लिहावे. ‘वाय’ म्हणजे इसवी सन की इसवी सनपूर्व हे ज्याच्या सोबत सांगावे लागते असे वर्ष. स्ट्रिक्ट पद्धत ते गृहीत धरत नाही, त्यामुळे अगदी योग्य तारखेवरही एक्सेप्शन येते, आणि मग लोक वैतागून स्ट्रिक्ट काढून टाकतात.

आता कॅचकडे येऊ. येणारे एक्सेप्शन ‘डेटटाइमपार्सएक्सेप्शन’ असते. ते रनटाइम एक्सेप्शन असल्यामुळे कंपायलर आठवण करून देत नाही. ट्राय-कॅच आपणच लक्षात ठेवून लिहायचा. कॅचमध्ये नुसते ‘एक्सेप्शन’ हे मूळ नाव लिहू नये, कारण मजकुराच्या जागी नल (म्हणजे काहीच मूल्य नाही) आला तर नलपॉइंटरएक्सेप्शन येते, आणि ती चूक वापरकर्त्याची नसून बहुधा आपल्या कोडची असते. रिकामी स्ट्रिंग आली तर मात्र डेटटाइमपार्सएक्सेप्शनच येते. याच एक्सेप्शनवर ‘गेटकॉज’ बोलावून त्याचा कॉज, म्हणजे मूळ कारण, पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते: मजकूर पॅटर्नशी जुळलाच नाही तर कॉज नल असतो, मजकूर जुळला पण तशी तारीखच नाही, तर आत दुसरे डेटटाइमएक्सेप्शन असते. २९/०२/२०२३ दिल्यावर त्याच्या संदेशात २०२३ हे लीप वर्ष नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. त्यामुळे पहिल्या वेळी ‘तारीख दिवस/महिना/वर्ष अशी लिहा’ आणि दुसऱ्या वेळी ‘या महिन्यात हा दिवस नाही’ असे नेमके सांगता येते. माणसाला आपले काय चुकले ते कळले पाहिजे, यावर माझा फार भर आहे.

कॅचमध्ये एक्सेप्शन गिळून आजची तारीख भरणे मात्र कटाक्षाने टाळावे. एका शाळेच्या प्रवेशनोंदीच्या प्रोग्राममध्ये मी हे पाहिले आहे: जन्मतारीख वाचता आली नाही की नोंद करण्याच्या दिवसाचीच तारीख लागत होती, आणि मूळ अर्ज एकेक करून पुन्हा काढून पाहण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता. तारीख वाचता आली नाही तर ती नोंद बाजूला ठेवावी आणि लॉगमध्ये मूळ मजकूर जसाच्या तसा लिहावा. तो ‘गेटपार्स्डस्ट्रिंग’ने मिळतो.

आपला फॉर्म मराठीत असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागेल. ऑफपॅटर्नचा फॉरमॅटर इंग्रजी अंकच ओळखतो, त्यामुळे देवनागरी अंकांत लिहिलेल्या बिनचूक तारखेवरही हेच एक्सेप्शन येते. डेसिमलस्टाइलमध्ये ‘विथझिरोडिजिट’ला देवनागरी शून्य देऊन दुसरा फॉरमॅटर तयार ठेवावा, आणि पहिला अपयशी ठरल्यावर त्याने वाचून पाहावे, दोन्हीकडे एक्सेप्शन आले तरच वापरकर्त्याला तारीख चुकल्याचे सांगावे.